पहिलं भजन कुणी उचलायचं

नेवाशाजवळच्या त्या वाडीत नाताळ असो की ईस्टर, उपासना सुरू व्हायची ती दीनाबाईच्या गळ्यानं. पहिलं भजन तिनं उचलायचं, मग पेटी, मग तबला, मग सगळं चर्च. सासूनं जाताना हा मान तिच्या पदरात टाकलेला. एरवी शाळेत खिचडी शिजवणारी बाई, पण त्या सकाळी तिचा तोरा असा, की पाळकसाहेबसुद्धा तिच्या तोंडाकडे बघत थांबायचे.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी मात्र चर्चच्या पंचांनी फर्मान काढलं: दोन्ही डोस झालेत त्यांनीच आत बसायचं, बाकीच्यांनी बाहेर मांडवात. दीनाबाईनं लस घेतली नव्हती. "लस नवी हाय आन् अंग माझं हाय. माझं मन घेत न्हाई तवर मी न्हाई टोचून घेनार," तिनं तोंडावर सांगितलं. आता यात तिचं काय चुकलं, सांगा!

"मर्जी तुमचीच," पाळकसाहेब म्हणाले, "पण आत म्हातारी माणसं बसतात, दीनाबाई."

आणि मान गेला धाकट्या जावेकडे. एंजेलाकडे! जिला सूर धरायला दीनाबाईनंच शिकवलं, भाकरी थापता थापता. ती नवी जांभळी साडी नेसून, पदर सावरत आत गेली. मांडवातल्या खुर्चीत बसून, ऐन नाताळच्या दिवशी, दीनाबाईनं देवाकडे मागणं मागितलं, की हिचा आवाज फाटू दे.

फाटला नाही. मेलीनं सुरेख उचललं. वर दुसऱ्या ओळीला दीनाबाईच्या गळ्यातली खास हरकत, तीही जशीच्या तशी घेतली. शेजारची रतनबाई डोळे पुसत म्हणाली, "आगं, अगदी तुज्यावानी गाती की!" दीनाबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सोमवारी ती आरोग्य केंद्रात हजर. ओळखीची नर्स अश्विनी चाटच पडली. "मावशी, तुम्ही? पंचांनी जबरदस्ती केली का काय? नको असेल तर सांगा."

"पंचांची काय टाप हाय!"

"मग मनानं घेतलं म्हणायचं."

"मन आजून बी न्हाईच म्हनतंय." दीनाबाईनं पोलक्याची बाही वर सारली. "पन एंजेलाला माझी हरकत जमली गं. दुसरा डोस कवा?"

"तीनेक महिन्यांनी."

"म्हंजी ईस्टरच्या आत. टोच."