मेन्श, आणि आमचे डॅनियलकाका

डॅनियलकाका गेल्याची बातमी आप्पांनी, माझ्या वडिलांनी, आणली. चपला न काढताच ते उंबऱ्यावर बसले… त्याला आता महिना होत आला. पांडेसऱ्याच्या डाइंग कारखान्यात काका रंगमास्तर, आप्पा त्यांच्या हाताखाली. आम्ही खानदेशातले, काका कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे मराठी यहुदी. चाळीत आमची दारं समोरासमोर.

शनिवार काकांचा शब्बाथ. त्या दिवशी काम नाही, चूल नाही, वाहनात बसणं नाही. एवढा चहाबाज माणूस, पण शनिवारी तोंड पाडून पाणी प्यायचा आणि आम्हा पोरांची चेष्टा सोसायचा. एकदा मशीन बसवायला परदेशातून एक म्हातारे यहुदी फिटर आले होते. ते काकांना ‘मेन्श’ म्हणत. मी अर्थ विचारला.

“मूळ जर्मन शब्द, अर्थ नुसता माणूस,” काका म्हणाले. “यांच्या पूर्वजांनी त्या मुलखात राहताना तो उचलला आणि आपल्या यिडिश बोलीत त्याला वजन दिलं. ज्याच्यावर विसंबता येतं, तो मेन्श. माझी भाषा मराठी गं, पण शब्द आवडला.”

“बाईलाही म्हणतात?”

“म्हणतात तर! तुझ्या आईला आधी.”

पुढे एका शनिवारी उकळत्या रंगाचा पाइप फुटला आणि आप्पांचे दोन्ही हात भाजले. त्यांना इस्पितळात नेणारा टेम्पो वाटेत आईला घ्यायला चाळीत आला. काका प्रार्थना अर्धी टाकून धावले आणि सरळ टेम्पोत चढले. आप्पा कण्हत होते, “मना हात राहतीन का, भाऊ?”

“राहतील. माझ्याकडे बघ,” त्या हातांवर गार पाणी ओतत काका म्हणाले.

नंतर मी शब्बाथचं विचारलं, तर हसून म्हणाले, “जीव वाचवताना शब्बाथ आडवा येत नाही, पोरी. इस्पितळात चहा प्यायलो, तेवढं मात्र माझं पाप.”

ते हात राहिले म्हणून आमचं घर उभं राहिलं, माझी शाळा सुटली नाही. हे ऋण मी आनंदानं मिरवते.

दफनानंतरचं पहिलं जेवण घरच्यांनी रांधायचं नाही, शेजाऱ्यांनी आणायचं, अशी त्यांची रीत. आई पीठ मळायला बसणार, तोच आप्पांनी परात ओढून घेतली. जन्मात कधी चुलीपाशी न बसलेल्या माणसानं त्या आक्रसलेल्या कातडीच्या हातांनी भाकरी थापल्या… वेड्यावाकड्या, कडा फाटलेल्या. काकूंसमोर ताट ठेवून ते म्हणाले, “वहिनी, दोन घास खाई ल्या.”

काकूंनी आधी त्यांचे हात पाहिले. मग भाकरी मोडली.