अलीमभाईच्या दाराची जाहिरात

अलीम वेल्डरचं दार आमच्या श्रीगोंद्याच्या पट्ट्यात कुठंबी ओळखू येतं. शेळ्यांच्या गोठ्याचं दार. खाली पत्रा, वर जाळी, आणि पत्र्यावर पांढऱ्या रंगात मोबाईल नंबर.

त्याचा पोरगा आकिब हसायचा. "अब्बा, ह्यो नंबर वाचतंय कोन? शेळ्याच ना?"

"शेळ्यांचा मालक रोज त्याच दारातनं जातो. त्याचा पाव्हना बी जातो."

पाव्हन्या-पाव्हन्यातनंच अलीमचं दुकान चालत आलं होतं. यंदा मात्र चार-पाच दारं भिंतीला टेकून गंजायला लागली, आणि आकिबनं जाहिरात मनावर घेतली. उसात एकट्या राहणाऱ्या बनुमावशीच्या वस्तीवर जाऊन त्यानं तिच्या गोठ्याचा व्हिडिओ काढला. गोठ्याला दार म्हणजे नुसती बोराटीची काटेरी फांदी. मग मोबाईलमधनं कुठला तरी बिबट्या आणून तिथं असा बसवला, की तो बोराटीवरून आत झेपावतोय. पुढं अंधार, शेळीचं मरणाचं ओरडणं, आणि शेवटी अलीमचं दार, नंबरासकट. पैसे भरून ते सगळं तालुकाभर सोडलं.

अलीमनं पाहिलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. "आरं, मावशीच्या वस्तीवर बिबट्या आलाय कधी?"

"भ्या दाखवल्याबिगार दार खपत न्हाई, अब्बा."

फोन यायला लागले. कुठं दिसला? केवढा हाय? मान्सावर येतो का? दाराचं कुणी काढीना. शेवटी पारनेरकडच्या एका माणसाला अलीमनंच विचारलं, "दार कसं वाटलं?"

"कसलं दार? आमच्या ग्रुपवर निसता बिबट्या आलाय. खाली लिव्हलंय, बनुबाईच्या वस्तीवर बिबट्या, दिसला तर ह्या नंबरावर कळवा. तुमी फारेष्टातलंच ना?"

कुणीतरी व्हिडिओतनं दार कापून टाकलं होतं. बिबट्या तेवढा ठेवला, आणि नंबर ठेवला. आकिबनं आपला व्हिडिओ काढून टाकला, पण लोकांच्या मोबाईलमधला कोण काढणार? दिवस कलला की अलीमचा फोन वाजायचा. आमच्या उसात हाललं. आमचं कुत्रं सापडंना. बांधावर पंजा हाय, फोटू धाडू का? पहिल्यांदा अलीम सांगायचा, "खोटं हाय ते." पुढून उलट शिवी यायची. मग तो नुसता ऐकून घ्यायला लागला. बिबट्या आपल्याच पोरानं बनवला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण एवढी माणसं कशी खोटं बोलतील? अंधार पडल्यावर परसाकडं जाताना तो हातोडीनं पत्रा बडवत जायला लागला.

"गावात खरं सांगून टाकतो," एकदा तो बायकोला म्हणाला.

बिस्मिल्लानं आधी दार लावून घेतलं. "लोकं कुऱ्हाडी घिऊन फिरत्यात. त्यांना बिबट्या घावंना. पोरगं आयतंच घावंल."

गावात सांगायचं राहून गेलं. आकिब यायला जरा उशीर झाला, की अलीम रस्त्यावर येऊन उभा राहायचा.

तिकडं बनुमावशीच्या वस्तीवर दूधवाला यायचा बंद झाला. नागापूरला कंपनीत असलेल्या रविराजनं, तिच्या लेकानं, फोनवर हुकूमच सोडला : शनवारी व्यापारी येईल, शेळ्या काष्टीच्या बाजारला दे आणि इकडं ये. शेळ्या गेल्या की मावशीला वस्तीवर राहायला काही कारणच उरत नव्हतं. हे अलीमच्या कानावर आलं.

शुक्रवारी दुपारीच त्यानं एक दार गावातल्या ओंकारच्या टेम्पोत टाकलं. ओंकारनं वस्तीच्या अलीकडंच, बांधावर, टेम्पो थांबवला.

"हितनं पुढं मी येत न्हाई, चाचा. काम झालं की फोन करा. मी डांबरीवर हाय."

दोन्ही अंगाला ऊस. अलीम दार पाठीवर घेऊन वाकून चालला. पाठीवर जाळी आहे तेवढं बरं, असं त्याला वाटलं, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

मावशी घरात कडी लावून बसली होती. अलीमनं हाक मारली, दार ठोकलं, नाव सांगितलं, तेव्हा कुठं उघडलं. त्यानं उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं. व्हिडिओ, आकिब, सगळं.

मावशीनं ऐकलं. "माजी समजूत घालाया आलास व्हय?"

"आईशप्पथ, मावशी. बिबट्या मोबाईलमधला हाय."

"मग शेळ्या का पान्हावत न्हाईत? त्यांच्यापाशी मोबाईल हाय का?"

"तू त्यांना बाहीर सोडती का?"

"कशी सोडू? त्यो हितं बसलाय की!" तिनं उसाकडं बोट केलं. अलीमनंही तिकडं पाहिलं. पाहायचं नाही असं ठरवूनसुद्धा पाहिलं.

मग तो कामाला लागला. पहार घेतली, बोराटी बाजूला ओढली, चौकट रोवली, दगड ठासले. मावशी दाराशी उभी राहून उसावर नजर ठेवून होती. दार बसलं, तशी तिनं ते ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं.

"कडी आतनं कर."

"मावशी, शेळ्या आतनं कडी लावतील व्हय?"

"मी लावीन. आजपास्नं मी बी हितंच निजनार."

अलीमनं कडी आतून केली. मावशीनं आत जाऊन ती लावली, आणि जाळीतनंच रविराजला फोन लावला. "व्यापाऱ्याला सांग येऊ नगं. माज्या शेळ्या न्हाई इकायच्या. दार आलंय... मोबाईलवरनं न्हाई रं, अलीमनं बसावलं." मग अलीमला म्हणाली, "किती द्यायचं?"

"काय बी न्हाई."

"मग लवकर नीघ. दिस कलला." तिनं जाळीच्या फटीतनं एक काठी बाहेर सरकवली. "ही घिऊन जा."

नको, असं तोंडातनं निघायच्या आधी काठी अलीमच्या हातात होती.

बांधावर येईपर्यंत उसात सावल्या दाटल्या. तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. ओंकार असेल, नाहीतर आणखी कुणाला काही दिसलं असेल, नाहीतर कुणाला दार हवं असेल. उचलायला थांबावं लागलं असतं. अलीम काठी उसाच्या पाल्यावर बडवत, फोन वाजता ठेवून, डांबरीकडं चालत राहिला.