आईची साक्ष, शेजाऱ्याची साक्ष

साताऱ्याहून निघाले ती धाकधूक घेऊनच. मुक्ताला, माझ्या लेकीला, पिंपळगाव बसवंतचं स्थळ आलं होतं. मुलगा द्राक्षबागायतदार. फोनवर दोघांची मनं जुळलेली, पण "आई, तू बघून ये, मगच हो म्हणेन," असं तिनं बजावलं होतं. मी पडले इतिहासाची मास्तरीण. ऐकीव गोष्ट मला पचतच नाही.

नाशिकच्या स्टँडवर मुलाच्या आई, शालिनीताई, न्यायला आल्या. आधी झणझणीत मिसळ खाऊ घातली, मग माझ्या हौसेखातर पांडवलेण्यांवर नेलं. पायऱ्यांवर मला धाप लागली, त्यांचं मुलाचं कौतुक मात्र अखंड चालू.

वर एका सातवाहन राणीनं आपल्या मुलाविषयी कोरवून घेतलेला लेख आहे. मी अर्थ सांगितला: चंद्रासारखं मुख, शत्रूंचा नाश करणारा, आईच्या सेवेत कधी न चुकणारा.

"अगदी आमचा निखिल हो," शालिनीताई म्हणाल्या.

"पण हे आईनं लिहिलंय ना, ताई. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं."

"मग काय, खोटं?"

"तसं नाही. हरलेल्या राजाच्या नाण्यांवर या राणीच्या मुलाचा छाप मारलेला सापडलाय, इथंच नाशिकजवळ. शत्रूकडचा पुरावा मिळाला, म्हणजे निदान लढाईचं तरी खरं. चंद्राचं राणीलाच ठाऊक."

शालिनीताई पदर खोचत म्हणाल्या, "चला, आमच्या शत्रूकडे नेते."

पिंपळगावात त्यांच्या बागेला लागूनच बाबुरावांची बाग. बांधावरून कित्येक वर्षं बोलणं बंद. ताई रस्त्यावरच थांबल्या, मी एकटीच आत गेले.

"त्या घराचं नाव काढू नका," बाबुराव गुरगुरले. मग म्हणाले, "पोरगं मात्र लय चांगलं हे. अवकाळीत माझ्या बागेवर प्लास्टिकचा कागद टाकाया आलं, बापाला चोरून. खोटं कशाला बोलू?"

मला इतका आनंद झाला की त्यांनी पुढे केलेला द्राक्षांचा घड मी उभ्या उभ्या संपवला.

घरी येऊन सांगितलं, तर मुक्ता लाजण्याऐवजी चक्क नाचली. तेवढ्यात शालिनीताईंचा फोन आला.

"नीट पोचलात ना, विहीणबाई? एक विचारायचं होतं. तुमचं शेजारी कुणाशी वाकडं आहे?"

मुक्ता सुगरण आहे, असं मी त्यांना बिनदिक्कत ठोकून दिलं होतं. शत्रूचा पुरावा दुसऱ्याच्या मुलाबद्दल मागणं सोपं असतं, हे मला त्या क्षणी कळलं. मुक्ताची करपलेली भाजी जिन्यातूनच हुंगून भांडायला येणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचा नंबर मी निमूटपणे देऊन टाकला.