पाला पडणार नाही, असं मी म्हणाले

हे निखिललाही माहीत नाही. माझा नवरा त्या संध्याकाळी त्याच खोलीत बसला होता, तरी त्याला माहीत नाही. आणि मी सांगितलेलं नाही — आईला नाही, मैत्रिणीला नाही, कुणालाच नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुधा.

आधी माझं काम सांगते. मी शारजात वाढले, आता तिथेच अल मजाजला राहते, आणि दुबईतल्या एका छोट्या कंपनीत बसून हिमाचलमधल्या सफरचंदाच्या बागांना पाल्याचा अंदाज देते. झाडं ऐन फुलावर असताना एखाद्या पहाटे हवा शून्याखाली जाते आणि फुलातला जीव गोठतो — त्याला तिकडे पाला म्हणतात. फूल वरून तसंच दिसतं. चिरून पाहिलं तर आत काळं. त्याला मग फळ धरत नाही. आदल्या संध्याकाळी कळलं तर बागवाले मजूर थांबवून घेतात, शेकोट्या पेटवून धूर करतात. नाही कळलं तर वर्ष गेलं.

मी स्वतः पाला कधी पाहिलेला नाही. स्क्रीनवर पाहते.

त्या वसंतात माझे लागोपाठ दोन इशारे खोटे ठरले होते. दोन्ही वेळा ऐनवेळी ढग आले, थंडी पडलीच नाही, लोकांची जागरणं फुकट गेली. मॅनेजर माझ्या टेबलापाशी आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "हबीबी, अजून एक खोटा अलार्म, आणि खलास." त्याच महिन्यात निखिलची नोकरी गेली होती. निखिल, लेक आणि मी, आम्ही तिघंही माझ्या व्हिसावर होतो. इथे नोकरी जाणं म्हणजे नुसती नोकरी जाणं नसतं, घर आवरून देश सोडावा लागतो — हे इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. पण ही सबब नाही. भीती कुठून आली तेवढं सांगतेय.

तर त्या दुपारी नकाशा समोर होता. आकाश निरभ्र, वारा पडत चाललेला, हवा कोरडी. पाला पडणार हे मला कळलं होतं का? हो. पहिल्या नजरेत कळलं होतं. आणि मी लिहिलं — पाल्याची शक्यता कमी, तरी लक्ष ठेवावं. "तरी लक्ष ठेवावं" हे आम्ही नेहमीच लिहितो. ते कुणासाठी असतं? आमच्यासाठी असतं.

एवढ्यावर थांबले असते तर ती चूक झाली असती. चुका होतात.

संध्याकाळी घरी भाजी फोडणीला टाकत होते, निखिल तिथेच बसला होता, तेव्हा हिमाचलहून सुषमाजींचा फोन आला. नवरा गेल्यावर दिराचा विरोध पत्करून त्यांनी बाग स्वतःच्या हातात घेतली होती. आमच्या अंदाजाच्या मेसेजवर त्यांचा भरवसा नसे. माझा नंबर मीच दिलेला. त्यांची बाग खोलगट जागी आहे, थंड हवा उतरून तिथेच साचते. हेही मला माहीत होतं.

"मैडम, हवा रुक गई है," त्या म्हणाल्या. "मजदूर रोक लूँ आज?"

हो म्हणायचं होतं. एवढंच. पण हो म्हटलं असतं तर मला दुपारीच कळलं होतं, हे उघड झालं असतं — आणि पुन्हा ढग आले असते तर? मी म्हणाले, "नहीं नहीं, आराम से सो जाइए. आज पाला नहीं पड़ेगा."

माझ्या लेकीने विचारलं, "हू वॉज दॅट, मम्मा?" मी म्हटलं, ऑफिस.

पाला पडला. शेजारच्या बागवाल्यांनी स्वतःच्या अंदाजाने मजूर थांबवले होते. त्यांचं बरंचसं वाचलं. ज्यांनी मला विचारलं, त्या झोपल्या. त्यांच्या बागेत काही राहिलं नाही.

काही दिवसांनी त्यांच्या दिराचा फोन ऑफिसात आला. मॅनेजरने तो स्पीकरवर टाकला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. पलीकडे सगळं घर जमलेलं असावं, माणसांची कुजबुज ऐकू येत होती. दीर म्हणाला, "भाभी कहती है, आपने ही कहा था सो जाओ. सच बताइए, कहा था?"

 त्या संध्याकाळचा फोन माझ्या मोबाईलवर आला होता, त्याचं रेकॉर्डिंग नव्हतं — हा विचार तेवढ्यातही मनात आला. तो आला, हे मी विसरू शकत नाही. मी म्हणाले, "नहीं. मैंने कहा था, ध्यान रखिए. मैसेज में भी वही लिखा है."

 मग लांबून सुषमाजींचा आवाज आला. चिडलेला नव्हता. "हो सकता है. मैंने ही ग़लत सुना होगा."

मॅनेजरने मान डोलावली. माझी नोकरी राहिली. पुढे निखिलला अजमानला काम मिळालं. बाग दिराने घेतली, आणि आमच्या अंदाजाची वर्गणी तोच भरतो.

गेल्या वसंतात त्याचा फोन आला. सगळं विचारून झाल्यावर मीच विचारलं, सुषमाजी कशा आहेत? का विचारलं — कोण जाणे. तो म्हणाला, "कान तो ठीक हैं, डॉक्टर को दिखाया. पर अब हर बात दो-दो बार पूछती हैं. दूध वाले से भी. अपने सुने पर भरोसा ही नहीं रहा उनको."

त्या कदाचित तिथेच कुठेतरी असतील. फोन त्यांच्याकडे द्या, एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. मी त्याला सांगितलं, आज आकाश ढगाळ राहील, काळजी नाही. तो थँक्यू म्हणाला. मी फोन ठेवला.