बाबा झोपलेत, हळू बोला

मागच्या वर्षी आजच्या सकाळी बाबा आत त्यांच्या खोलीत वारलेले होते आणि मी ईशाला दटावत होते, "मिक्सर नको लावू. आजोबा झोपलेत."

मला आनंद झाला होता. लिहिताना लाज वाटते, पण झाला होता.

कारण माझ्या बाबांना झोपच नव्हती.

नगरपालिकेत बत्तीस वर्षं पाणी सोडायचं काम केलं त्यांनी. पहाटे तीनला उठायचं, सायकल काढायची, गावभरचे व्हॉल्व्ह उघडायचे. रिटायर झाले तरी डोळा तीनलाच उघडायचा. आई गेल्यावर तर तीनपर्यंत लागायचाही नाही.

म्हणून त्यांना दुबईला आणलं. इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये ईशाने तिची खोली त्यांना दिली आणि ती हॉलमध्ये सोफ्यावर आली.

इथे पाणी चोवीस तास. तरी बाबा तीनला उठून नळ बघून यायचे.

झोपेची गोळी दिली, तर सकाळी तोल जायचा. मी जात्याच काळजीखोर. ते बाथरूममध्ये गेले की मी बाहेर उभी.

बिल्डिंगखालच्या हिरवळीवर लिन आंटी ‘ताई ची’ हा संथ चिनी व्यायाम करायच्या. सत्तरीच्या चिनी बाई, मुलाचं ड्रॅगन मार्टमध्ये दुकान. एके दिवशी बाबा जाऊन त्यांच्यामागे उभे राहिले आणि त्यांच्यासारखे हात फिरवू लागले.

मी बाल्कनीतून ओरडले, "बाबा, पडाल!"

आंटींनीच उत्तर दिलं. "नो फॉल! पापा व्हेरी स्लो. व्हेरी गुड."

हळू हलणं बाबांना शिकवावं लागलंच नाही. "अगं, व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की पाइप फुटतो. आमचा जन्म हळू फिरवण्यात गेला."

मग रोज सकाळी साडेसहा. एकमेकांची भाषा येत नव्हती. शेवटी बाबा "खलास!" म्हणायचे आणि आंटी खळखळून हसायच्या.

दोनेक महिन्यांनी एकदा बाबा पाचला उठले आणि "उशीर झाला गं" म्हणून चक्क ओशाळले. दुपारचं पेंगणं गेलं. भाजी निवडताना शीळ घालायला लागले.

माझी काळजी मात्र जाईना. आधी झोपत नाहीत म्हणून, आता इतके कसे झोपतात म्हणून. त्यांच्या मनगटावर झोप मोजणारं घड्याळ बांधलं आणि ऑफिसात बसून मोबाइलवर आकडे बघायला लागले.

"आता झोपेचीही हजेरी देऊ का तुला?" म्हणाले आणि काढून ठेवलं.

मग मी डिलिव्हरीवाल्यांसाठी दारावर कागद लावला. आत वृद्ध माणूस झोपलाय, बेल वाजवू नका.

मागच्या वर्षी आजच्या दिवशी सहा वाजले, त्यांचं दार बंद. साडेसहा, तरी बंद.

हात हँडलवर ठेवला होता मी.

मग वाटलं, जन्मभर पहाटे उठलेला माणूस आहे. झोपू दे एक दिवस. किती तपासायचं?

सगळ्या आयुष्यात तेवढीच एक सकाळ मी काळजी केली नाही.

सातला कारपूलची गाडी आली, मी गेले.

सव्वासातला लिन आंटी वर आल्या. कागद होता, तरी त्यांनी बेल वाजवली. ईशाला सुट्टी होती, तिने दार उघडलं.

"पापा नो कम? पापा एव्हरी डे कम."

बाबांच्या खोलीचं दार माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीने उघडलं. ते मी उघडायला हवं होतं.

डॉक्टर म्हणाले, पहाटेच गेले, झोपेत. तुम्ही काही करू शकला नसता. सगळे म्हणतात, किती शांत मरण आलं. असेल. मला ते ऐकवत नाही.

वर्षभर मी घरात कुणाला धड झोपू दिलेलं नाही. नवऱ्याचं घोरणं थांबलं की त्याला हलवते.

आज रविवार. ईशा आता परत त्याच खोलीत झोपते. नऊ वाजले, दार बंद. आज उघडायचं नाही असं ठरवून दहा मिनिटं बाहेर उभी राहिले.

उघडलंच.

तिने डोळेही उघडले नाहीत. "ममा, आय ॲम अलाइव्ह."

मग भिंतीकडे सरकली आणि पांघरूण उचलून धरलं. मी आत शिरले. खूप रडले. कधी डोळा लागला कळलं नाही, उठले तेव्हा साडेअकरा वाजले होते. ती तशीच माझा हात धरून पडली होती, फोनही घेतला नव्हता तिने.

बाबा, दार उघडून काही बदललं नसतं, मला माहीत आहे.

पण तुमच्याजवळ बसले असते.

माफ करा. तुमच्या लेकीचा तुम्हाला नमस्कार.