मांडीमागचा ताण

"तुमच्या हॅमस्ट्रिंग्ज आखडल्यात," परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाल्या. हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागचे, गुडघ्याखालपर्यंत जाणारे स्नायू. जखम भरली म्हणजे आजार संपला, असं मी धरून चालले होते. मग हे नवीन काय?

आमचं गाव चुडावा. शेळ्या राखणं हे माझं काम. कॅनॉलच्या कडेला एक पाय पुढं घसरला आणि मांडीमागं काहीतरी फाटल्यासारखं झालं. जो तो म्हणाला, पाय हलवू नको. मी बाजेवर पडून राहिले. कळ थांबली, पण पाय सरळ होईना, वाकता येईना. शेळ्या पुढं निघून जायच्या आणि मी मागं लंगडत राहायची. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, म्हणाले, "इकून टाकू शेळ्या. दुसरं काय करावं?" तेव्हा मी परभणीचा दवाखाना गाठला.

बाईंनी स्टॅटिक स्ट्रेचिंग सांगितलं. पाय लांब करून बसायचं, कमरेतून पुढं झुकायचं, ओढ लागली की हिसका न देता अर्धा मिनिट तसंच राहायचं. "ओढ लागू द्या, पण कळ येता कामा नये."

आधी म्हणे हलवू नका, आता म्हणे ओढा. खरं कुणाचं मानायचं? बाई म्हणाल्या, ताज्या जखमेला आराम, भरलेल्या जखमेला हालचाल. पटलं, पण भीती गेली नाही.

घरी सासूबाई समोर बसून बघायच्या. "अगं, काय करायलीस? ताणून ताणून तुटंल की ते!" माझ्याही मनात तेच होतं. ओढ कुठं संपते आणि कळ कुठं सुरू होते, हेच उमगेना.

त्यात ताणल्यावर हात घोट्यापर्यंत पोचायचा आणि शेळ्या सोडेपर्यंत पाय परत आखडायचा. रडकुंडीला येऊन मी पुन्हा परभणी गाठली. "मॅडम, माझंच काही चुकायलंय का?"

"चुकत नाही. एकदा ताणल्याचा मोकळेपणा थोडाच वेळ राहतो. रोज केलं, तर काही आठवड्यांनी फरक टिकतो."

"मंग ते मागचं मांस लांब होतं का?"

बाई म्हणाल्या, "लांब होतं, की ओढ सोसायची शरीराला सवय लागते? बराचसा भाग सवयीचाच असावा. पण पक्कं आम्हालाही सांगता येत नाही."

कसं कोण जाणे, तिथं माझा जीव थोडा हलका झाला. एवढे दिवस वाटत होतं, सगळ्यांना कळतंय आणि मीच अडाणी आहे.

मग रोज ताणत राहिले. कधी सुधारल्यासारखं वाटायचं, कधी वाटायचं नाही. एक दिवस दारात शेळ्यांचा व्यापारी आला. मालकांनी आधी माझ्याकडं बघितलं. मी शेळ्या घेऊन ओढ्याकडं निघाले होते, नेहमीच्या चालीनं. ते त्याला म्हणाले, "न्हाई इकायच्या. ती जायलीय की चारायला."

तुमचा पाय असा आखडला, तर आधी डॉक्टरांना दाखवा. एका सकाळी सुधारलं नाही म्हणून सोडू नका, आणि कळलं नाही तर विचारायला लाजू नका. पायाच्या आत नेमकं काय झालं ते मला आजही सांगता येणार नाही. पण "पक्कं आम्हालाही सांगता येत नाही" असं मोकळेपणानं म्हणणाऱ्या त्या बाईंची मी जन्मभर आभारी राहीन.