निळ्या दोऱ्यानं लावलेलं बटण

नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टाचं एक बटण निळ्या दोऱ्यानं लावलेलं मला दिसलं ते एका सोमवारी, कपडे मशीनमध्ये टाकताना. ते मी लावलेलं नव्हतं. मग कोणी लावलं? संसाराच्या इतक्या वर्षांत या माणसाच्या हातात मी सुई पाहिली नव्हती. आमच्याकडच्या पुरुषांचं असंच. बटण तुटलं की शर्ट दाराच्या कडीला अडकवून ठेवायचा. आपोआप लागून येतं.

मी टाक्यांवरून बोट फिरवलं. बारीक नव्हते, पण घट्ट होते. शर्ट मशीनमध्ये न टाकता बाजूला ठेवला, आणि तेवढ्या वेळात माझ्या मनानं एक बाई उभीही केली.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. माझ्याकडे जुन्या अमेरिकन लेखकांचा पेपर आहे. एक म्हणतो, लोकांच्या मतावर जगू नका, स्वतःवर विसंबा. दुसरा तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला, आणि मनाला न पटणाऱ्या सरकारला कर द्यायचा नाही म्हणून एक रात्र तुरुंगात बसला. मला ही माणसं कधी खरी वाटली नाहीत. शिकवायला ठीक आहेत. त्या झोपडीवाल्याबद्दल मी दर वर्षी वर्गात एक ठेवणीतलं वाक्य काढायची, "स्वावलंबन म्हणे, जमीन मित्राची, जेवायला आईकडे, आणि कपडेही तिकडूनच धुऊन यायचे, असं म्हणतात." मुलं हसायची. पोरी जास्त हसायच्या. असे स्वावलंबी त्यांनी घरोघर पाहिलेले असत. त्याचं पुस्तक मी पुरतं वाचलेलं नव्हतं. नोट्स गाइडवरून काढलेल्या, त्याच अजून चालू होत्या. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

नवरा सरकारी नोकरीत होता. मुदतीच्या आधीच सोडून घरी बसला. का, तर कोणत्या तरी कागदावर सही करायला मन मानत नव्हतं. एवढंच बोलला. मी तेव्हाही विश्वास ठेवला नाही. मन मानत नाही म्हणून नोकरी कोण सोडतं? नक्की काहीतरी अंगाशी आलं असणार, असं धरून मी बरेच दिवस दाराची बेल वाजली की दचकायची. कोणी आलं नाही. मग त्यानं मौदा गावाच्या पुढे फार पूर्वी घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर टिनाच्या छपराची एक खोली बांधली आणि शुक्रवार ते रविवार तिकडे राहू लागला. फ्रिज नाही, टीव्ही नाही. भर शहरातला, रामदासपेठेतला फ्लॅट सोडून त्या फुफाट्यात. जाताना माझ्या कपाटातलं ते तळ्याकाठचं पुस्तक घेऊन गेला. परत येताना अंगाला धुराचा आणि लसणाचा वास असायचा. "जेवून आलो," म्हणायचा.

कोणी जेवू घातलं, ते मी विचारलं नाही. मी विचारणाऱ्यांतली नाही. आत साठवत जाते. त्यात हे बटण.

आमची एकच मुलगी, पुण्याला नोकरी करते. दर रविवारी संध्याकाळी बापाला फोन करायची. त्या आठवड्यात मधेच मला फोन केला.

"आई, बाबा मौद्याला एकटे राहतात. जेवणाखाण्याचं काय करतात गं?"

इथे मला गप्प राहता आलं असतं. एरवी राहतेच.

"एकटे राहतात की नाही, ते मले नको विचारू. शर्टाची बटणं तर लागून येतात."

"म्हणजे?"

"म्हणजे तू आता लहान नाहीस."

तिनं पुढे काही विचारलं नाही. त्या रविवारी बापाला तिचा फोन आला नाही, त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. एरवी मौद्याहून आला की तिची खबर तेवढी सांगायचा, आता तिचं नावच काढेना. मला वाटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं.

शेवटी एका रविवारी सकाळी मी न सांगता मौद्याची बस धरली. वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या तशी मनातली तयारी घट्ट करत गेले. काय काय बघायचं, आधीच ठरवलं होतं. दोरीवरचे कपडे. भांडी. उशा.

तो बनियनवर बसून तीन विटांच्या चुलीवर वांगं भाजत होता.

"तू? काहून आली वं? फोन तरी करायचा."

"काहून? सांगून यावं लागते काय?"

"तसं नाही. दोन वांगी टाकली असती."

मी सरळ आत गेले. एक खाट. एक उशी. पण खुर्च्या दोन होत्या.

"ही दुसरी खुर्ची कोणासाठी?"

"कोणी आलं तर."

"कोण येते?"

"आतापर्यंत कोणी नाही. आज तू आली."

हे उत्तर मला फार तयार वाटलं. मी पर्समधून तो शर्ट काढला. घरून घडी घालून आणला होता. "हे बटण कोणी लावलं?"

"मी."

"निळ्या दोऱ्यानं?"

"तोच होता. मौद्याच्या बाजारात दुकानदारानं तोच दिला."

मी मान हलवली. इतकी वर्षं परीक्षक आहे. पाठ केलेलं उत्तर मला ओळखू येतं. खिडकीत सुई-दोरा होता, तो उचलून त्याच्या हातात दिला. "लावून दाखवा."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग चष्मा कपाळावर चढवला, दोरा ओठात ओला केला. सुईचं नेढं काही सापडेना. दोरा पुन्हा ओला केला, उजेडाकडे तोंड करून बसला, आणि ओवला. खुंटीवरच्या शर्टाचं एक बटण लोंबत होतं, ते लावू लागला. सुई खालून वर येताना बोटात घुसली. त्यानं बोट तोंडात घातलं आणि पुढचा टाका घेतला. तसाच, मोठा आणि घट्ट.

"परीक्षा घ्यायले आली होती काय?" बटणावरची नजर न काढता त्यानं विचारलं.

मी विषय बदलला. म्हटलं, तुमचा तो पुस्तकातला माणूसही आईकडेच जेवायला जात होता म्हणे.

"जात असंल. कधीमधी बाहेर जेवत होतो, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. लपवलं कुठं? तू तर इतके वर्षं शिकवून राहिली."

भरीत झालं. त्यात मीठ कमी होतं. जेवता जेवता त्यानं एकदम विचारलं, "पोरीचा फोन बंद झाला. मी काही टाकून बोललो काय तिले? आठवून राहिलो, पण सापडत नाही."

घास माझ्या तोंडात होता. सांगायची वेळ हीच होती, हे मला कळत होतं.

"कामात असंल," मी म्हणाले.

संध्याकाळी घरी येऊन मुलीला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"तू कोणाला पाहिलं होतंस का, आई?"

"नाही."

"मग?"

"बटण पाहिलं होतं."

ती म्हणाली, "मीही बाबांना एकदा विचारलं नाही. आता काय सांगू त्यांना?"

"माझं नाव सांग."

"ते तर सांगेनच."

पुढच्या रविवारी मी त्याच्याबरोबर मौद्याला गेले. संध्याकाळी तिचा फोन आला. खोलीत रेंज नसते, म्हणून तो बोलत बोलत कुंपणापर्यंत गेला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मी दुसऱ्या खुर्चीवर बसून ती पाठ बघत होते. मधे एकदा त्यानं मान खाली घातली. एकदा हसला असावा. माझं नाव निघालं असेल की नाही, निघालं तर कोणत्या शब्दांत? त्याला परत यायला फार वेळ लागला.

"काय म्हणे?"

"बरी आहे. पुढच्या महिन्यात येते म्हणे. इथं."

इथं. म्हणजे माझ्याकडे नाही.

"मी सांगितलं होतं तिले," मी म्हणाले. "तुमच्याबद्दल. काही पाहिलं नसताना."

"माहीत आहे."

"तिनं सांगितलं?"

"नाही. तू सुई हातात दिली, तेव्हा शक समजला; पोरीचं विचारलं अन् तुझा घास थांबला, तेव्हा बाकीचं." तो चुलीपाशी उकिडवा बसला. "माझ्यावर शक घेतला, ते मी समजू शकतो वं. मीच कुठं कधी तोंड उघडून बोलतो? पण मी पोरीचं विचारलं तेव्हा माझ्या तोंडावर 'कामात असंल' म्हणाली, ते नव्हतं पाहिजे."

तो वांग्याची काळी साल काढू लागला. जरा वेळानं मी उठून मिठाचा डबा त्याच्याजवळ नेऊन ठेवला.

कुंपणापाशी त्या दोघांचं आणखी काय बोलणं झालं, ते तो सांगत नाही. मी विचारत नाही. पण अजूनही दर रविवारी तो फोन घेऊन तिकडे चालत गेला, की हातातलं काम ठेवून मी त्याच्या पाठीकडे बघत बसते.